बक्षिशी : दलाली की हमाली?

धंद्यात आपण पैशापैशाचा हिशोब ठेवतो. मीटरमागे पंचवीस पैसे सुटावेत म्हणून तासभर घासाघीस करतो. पण हॉटेलात जेवण झाले, बडीशेपेबरोबर बिल आले, की वेटरच्या हातावर किती ठेवायचे याचा हिशोब आपल्यापैकी फार थोड्यांना जमतो. कुणी शेजारच्या टेबलाकडे बघून देतो, कुणी सोबतच्या पार्टीवर छाप पडावी म्हणून देतो, तर कुणी सुटे नाहीत असे सांगून उठतो. विषय दहावीस रुपयांचा वाटतो, पण त्यामागे एका मेहनती माणसाची रोजी आहे. म्हणून व्यापारी बांधवांनी याचा थोडा विचार करावा.

हल्ली ‘बिलाच्या दहा टक्के’ हा जणू नियमच होऊन बसला आहे. अमेरिकेत तर पंधरा-वीस टक्क्यांची रीत आहे. पण तिथे या रीतीला कायद्याचा आधार आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार किमान मजुरी २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. मात्र ज्याला बक्षिशी मिळते त्या कामगाराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालते. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. उरलेली मजुरी बक्षिशीतून भरून निघावी आणि कमी पडली तर मालकाने भरावी, अशी ही तजवीज आहे. काही राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही, पण जिथे आहे तिथे वेटरच्या पगाराचा काही भाग गिऱ्हाईकच देतो.

आपल्याकडे तसे नाही. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला, २०१९ मध्ये संसदेने वेतन संहिता मंजूर केली. बक्षिशी मिळते म्हणून पगार कमी द्यावा, अशी मुभा त्यात मालकाला दिलेली नाही. मग तिथला टक्का आपण इथे कशासाठी आणायचा?

ही गोष्ट कापडवाल्याला चटकन समजेल. आपल्या धंद्यात दोन प्रकारचे मोबदले आहेत. दलाली टक्क्यावर असते, कारण दलाल सौदा जमवतो. सौदा मोठा तर त्याची दलाली मोठी. हमाली मात्र गाठीवर असते. गाठीत मलमल आहे की भारी सूटिंग, हे हमाल विचारत नाही. त्याच्या पाठीला वजन कळते, किंमत कळत नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि हमाली ही मेहरबानी न राहता हक्क झाली.

आता सांगा, वेटर दलाल आहे की हमाल? चार माणसांचे पाणी, ताटे, रोट्या आणणे आणि टेबल पुसणे हे काम बिल सहाशेचे असो वा चार हजारांचे, जवळपास तेवढेच आहे. दहा टक्क्यांच्या हिशोबाने एकाला साठ रुपये मिळतात आणि दुसऱ्याला चारशे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीहून मंगळदास मार्केट किंवा मूलजी जेठा मार्केटला येणारा आपला माणूस बहुधा साध्या हॉटेलातच जेवतो. टक्क्यामुळे तिथल्या वेटरवरच अन्याय होतो. तिथे गर्दी जास्त, धावपळ जास्त, आणि बिल लहान म्हणून बक्षिशीही लहान!

माझ्या मते बक्षिशी माणशी ठरवावी. पोटभर जेवणाला माणशी वीस रुपये हा साधा दर धरावा. तासाच्या वर बसलो, सौद्याची बोलणी तिथेच केली, तर दुप्पट द्यावी, कारण आपण त्याचे टेबल अडवून ठेवले. मुलांनी सांडलवंड केली, रात्री उशिरा गेलो, रमजानमध्ये सेहरीच्या गर्दीत त्याला पळवले, तर आणखी द्यावी. वेटर उर्मट वागला तर देऊ नये; तो आपला अधिकार आहे. पण जेवण बेचव होते म्हणून त्याची बक्षिशी कापू नये. तो दोष भटारखान्याचा आहे. आणि दिलेली रक्कम जकातीच्या हिशोबात धरू नये. कामाचा मोबदला आणि जकात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही जण म्हणतील, मोठ्या हॉटेलातल्या वेटरला शिकलेले, टापटीप राहावे लागते, मग त्याचे नुकसान का? म्हणणे बरोबर आहे. पण त्या कसबाची किंमत जास्त भाव लावणाऱ्या मालकाने पगारातून द्यावी.

बक्षिशी देण्याआधी बिल नीट वाचावे. त्यात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला आहे का ते पाहावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी निर्देश काढले की, हॉटेलांनी हा आकार आपोआप बिलात जोडू नये, दुसऱ्या नावानेही घेऊ नये. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी हे निर्देश कायम ठेवले. हिशोब करून पाहा. दोन हजारांच्या बिलावर दहा टक्के म्हणजे दोनशे रुपये आकार, आणि पाच टक्के जीएसटी दोन हजारांऐवजी बावीसशेंवर. म्हणजे बक्षिशीवरही दहा रुपये कर! आणि ते दोनशे वेटरपर्यंत पोहोचतील याची खात्री कोण देणार? असा आकार दिसला तर शांतपणे काढायला सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण वाचलेले पैसे खिशात घालून उठू नये. वेटरचा वाटा त्याच्या हातात द्यावा, नाहीतर आपण मालकाशी भांडून गरिबाचे नुकसान केले असे होईल.

दुसरी अडचण स्कॅनरची. आता बिल मोबाइलवरून चुकते होते आणि खिशात सुटे पैसे नसतात. काउंटरवरचा स्कॅनर मालकाचा असतो. त्यात वाढवून दिलेली रक्कम मालकाच्या खात्यात जाते. म्हणून दहा-वीसच्या चार नोटा वेगळ्या ठेवाव्यात. कुठे कुठे बक्षिशीचा सामाईक डबा असतो. त्यातून भांडी घासणाऱ्यालाही वाटा मिळत असेल तर डब्यातच टाकावी.

शेवटी दोन शब्द मालकांसाठी. आपल्यापैकी अनेकांची हॉटेले आहेत, अनेकांच्या दुकानांत, कारखान्यांत माणसे कामाला आहेत. ‘वरकमाई होते ना’ असे म्हणून पगार कमी ठरवणे म्हणजे आपले देणे गिऱ्हाइकाच्या खिशातून फेडणे होय. पगार मालकाने पूर्ण द्यावा, बक्षिशी गिऱ्हाइकाने खुशीने द्यावी. या दोन खात्यांची सरमिसळ करणारा कितीही जमाखर्च लिहो, त्याचे बरकतीचे पान कोरेच राहील.