सीमाभागात पत्रकार व्हायचंय? आधी कन्नड एफआयआर वाचता आला पाहिजे

पत्रकार दिन आम्हाला वर्षातून दोनदा येतो. 6 जानेवारीला महाराष्ट्रातले सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप शुभेच्छांनी भरून जातात, कारण 1832 साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं. मग 1 जुलैला कर्नाटकाचा पत्रिका दिन. 1843 मध्ये हेर्मान मोग्लिंग या जर्मन मिशनऱ्याने 'मंगळूरु समाचार' सुरू केला तो हा दिवस. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या मराठी वार्ताहराला दोन्ही दिवशी शाल-हार मिळतो. पगार मात्र बहुतेकांना एकाही बाजूने मिळत नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण निकाल लागले की दरवर्षी पाच-सहा तरी मुलं विचारायला येतात, "सर, पत्रकार व्हायला काय करावं लागतं?" त्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांसमोर गाडीवरचं 'प्रेस'चं स्टिकर आणि हातातला माइक असतो. उरलेल्या निम्म्यांना खरंच लिहायचं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या आई-वडिलांसाठीही.

तालुक्याचा वार्ताहर म्हणजे नोकरदार नव्हे. त्याला नेमणूकपत्र क्वचित मिळतं, ओळखपत्र मिळतं. बातमीमागे थोडं मानधन किंवा तेही नाही. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस, दिवाळी अंक, वर्धापनदिनाची पुरवणी आली की कार्यालयाकडून टार्गेट येतं. आता गंमत बघा. ज्या अध्यक्षाच्या संस्थेचा ताळेबंद तुम्ही तपासायचा, त्याच्याच दारात तुम्ही अर्ध्या पानाची जाहिरात मागायला उभे. माझ्या पहिल्या काही वर्षांत एका वर्तमानपत्राने जाहिरातीचे पैसे पार्टीकडून आले नाहीत म्हणून ते माझ्या नावावर बाकी टाकले होते. असा अनुभव नसलेला वार्ताहर आमच्या भागात हुडकून काढावा लागेल. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यात 'पत्रकारिता हाच ज्याचा मुख्य व्यवसाय' अशी व्याख्या होती, त्यामुळे किराणा दुकान किंवा शेती सांभाळून बातम्या देणारा त्यात बसायचाच नाही. 2011 च्या मजीठिया वेतन मंडळाचा आदेश 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. आमच्याकडे तो फक्त बातमी म्हणून आला. 2020 च्या कामगार संहितेत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमांतल्या पत्रकारांचाही उल्लेख आला आहे, पण कमिशनवर राबणारा माणूस 'नोकरीत' आहे हे सिद्ध कोण करणार?

म्हणून माझा पहिला सल्ला रूक्ष आहे. पोटापाण्याचं दुसरं साधन ठेवा आणि ते साधन असं निवडा की त्याची बातमी तुम्हाला करावी लागणार नाही. कंत्राटदारी करून पत्रकारिता होत नाही. शिकवणी, शेती, अकाउंट लिहिणं, फोटो स्टुडिओ हे चालतं.

दुसरा सल्ला भाषेचा. तो ऐकून आपल्याच काही लोकांना राग येतो. 1 नोव्हेंबर 1956 ला जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले; भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे राहिले. मुकदमा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर इथला पहाणी उतारा, एफआयआर, ग्रामपंचायतीचा ठराव, टेंडर, डीसी ऑफिसचा आदेश सगळं कन्नडमध्ये आहे. माहिती अधिकाराचा अर्ज कलम 6 प्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे उदगीरचा मुलगा मराठीत अर्ज टाकू शकतो, भालकीच्या मुलाला तो हक्क नाही. अर्ज त्याने हिंदीत केला तरी उत्तर आणि सोबतची कागदपत्रं कन्नडच असणार. ज्याला ती वाचता येत नाहीत तो पीडीओ सांगेल ते लिहितो, आणि पीडीओ त्याला सोयीचं तेवढंच सांगतो. मराठी वाचकाला खरी बातमी द्यायची असेल तर कन्नड वाचता आलंच पाहिजे, त्याला पर्याय नाही. (आणि उर्दू कानाला समजली पाहिजे. बिदरच्या जुन्या पेठेत निम्मी बातमी उर्दूतच कळते.) 'दर्पण'सुद्धा मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत होतं, हे विसरू नये.

भाषा आली की दुसरी अडचण सुरू होते. लातूर-सोलापूर-पुण्याच्या डेस्कला आमच्याकडून एकच बातमी हवी असते: सीमावाद. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ बस कंडक्टरला मारहाण झाली, दोन्ही राज्यांच्या बससेवेवर परिणाम झाला, 22 मार्चला कर्नाटक बंद पुकारला गेला. त्या महिन्यात बिदरच्या वार्ताहरांना रोज फोन यायचे, तुमच्याकडे तणाव किती? बिदर ते बेळगाव चारशे किलोमीटरच्या वर आहे, हे डेस्कला सांगावं लागतं. त्याच वेळी मराठी शाळेत शिक्षक आहेत की नाहीत, उसाचं बिल थकलंय का, तुरीचा भाव सीमेच्या अलीकडे-पलीकडे किती फरकाने चाललाय, या बातम्या 'स्थानिक' म्हणून आतल्या पानावर जातात किंवा जातच नाहीत. नोव्हेंबर 2020 मध्ये कर्नाटक सरकारने मराठा विकास प्राधिकरण जाहीर केलं. कन्नड संघटनांनी 5 डिसेंबरला बंद पुकारला. तिकडच्या वाचकाला बंद दिसला. इकडच्या वाचकाला विचारायचं होतं की एप्रिल 2021 मध्ये बसवकल्याणची पोटनिवडणूक झाल्यावर त्या प्राधिकरणातून आपल्या तालुक्यात नेमकं काय पोहोचलं. हे दुसरं विचारणारा माणूस म्हणजे पत्रकार.

16 जानेवारी 2025 ची घटना बऱ्याच जणांना आठवत असेल. बिदरमध्ये भरदिवसा बँकेसमोर एटीएमची रोकड नेणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि लुटारू पैशाची पेटी घेऊन हैदराबादकडे पळाले. पहिल्या तासाभरात मोबाइलवर किती आकडे फिरत होते! रक्कम वेगळी, मृतांची संख्या वेगळी, लुटारू किती हेही वेगळं. व्हिडिओ सगळ्यांकडे होता. त्या तासात कामाचा ठरतो तो वार्ताहर, जो एसपी ऑफिस आणि दवाखाना दोन्हीकडे फोन लावतो आणि दोघांचा आकडा जुळेपर्यंत मृतांचा आकडा लिहीत नाही. 'सूत्रांच्या माहितीनुसार' लिहून आकडा ठोकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही हे खरं, पण पोलीस आणि डॉक्टर लक्षात ठेवतात. पुढच्या वेळी ते त्याचा फोन घेत नाहीत.

धोक्याचंही बोलू. जानेवारी 2020 मध्ये बिदरच्या शाहीन शाळेतल्या नाटकावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा ते नाटक फेसबुकवर दाखवणाऱ्या स्थानिक पत्रकाराचंही नाव त्यात आलं होतं. शाळेच्या व्यवस्थापनावरचा गुन्हा उच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये रद्द केला, म्हणजे मधे तीन वर्षांहून जास्त काळ गेला. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरला शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं गेलं. त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. जानेवारी 2025 मध्ये छत्तीसगडच्या बिजापुरात मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये सापडला. ते रस्त्याच्या कामावर बोलले होते. दोघेही गावपातळीवर काम करणारे. दिल्ली-मुंबईत मोठ्या संपादकामागे वकील असतो, तालुक्यात नसतो. महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधात 2017 साली कायदा केला, पण तो सीमेच्या अलीकडे लागू होत नाही. उदगीरात वार्ताहराला मारलं तर एक कायदा, वीस-पंचवीस मैलांवर भालकीत मारलं तर दुसरा. आपल्या भागाला हे नवं नाही म्हणा. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाह खान यांना ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत रझाकारांनी मारलं, तेव्हा आपण सगळे एकाच संस्थानात होतो.

आता यूट्यूब आणि पोर्टल. आम्हीही पोर्टलच, त्यामुळे नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण काही गोष्टी स्पष्ट असू द्या. वृत्तपत्र-नियतकालिकांची नोंदणी आता 2023 च्या नव्या कायद्याने होते, तो 1 मार्च 2024 पासून लागू झाला आणि 1867 चा जुना कायदा गेला. न्यूज पोर्टल आणि यूट्यूब चॅनल त्यात येत नाही, ते 2021 च्या आयटी नियमांखाली येतं. त्यामुळे कोणी 'सरकारमान्य चॅनल' म्हणून उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवून तुमच्याकडून पाच हजार घेऊन प्रेस कार्ड देत असेल तर ते कार्ड पाकिटात ठेवण्यापुरतंच. उद्यम नोंदणी पापडाच्या गिरणीलाही मिळते. अॅक्रेडिटेशन वेगळी गोष्ट आहे. ते राज्याचं वार्ता खातं किंवा दिल्लीचं पीआयबी देतं, आणि त्याला आधी काही वर्षांचं काम दाखवावं लागतं. आणखी एक गोष्ट: अत्याचारपीडित स्त्रीची किंवा पॉक्सोच्या गुन्ह्यातल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. नाव न घेता घराचा, शाळेचा, बापाचा चेहरा दाखवला तरीही. आमच्याकडची पोरं माइक घेऊन थेट त्या गल्लीत जातात. हे थांबलं पाहिजे.

शिकायचं कुठे? कलबुर्गीत गुलबर्गा विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. मराठीतून शिकायचं तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट. ज्याला मुंबई-बेंगळुरूच्या न्यूजरूममध्ये जायचंय त्याने डिग्री घ्यावी, तिथे तिच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तालुक्यात राहायचं असेल तर कॉमर्सची डिग्रीही वाया जात नाही, हे मी बी.कॉम.वाला म्हणून अनुभवाने सांगतो. सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल लोक फोटोसाठी उघडतात. येणी-देणीचं पान उघडणारा वार्ताहर अजूनही दुर्मीळ आहे.

सुरुवात करायची असेल तर तीन महिने कोणाचंही ओळखपत्र मागू नका. आपल्याच ग्रामपंचायतीचं एक काम घ्या, रस्ता, पाण्याची टाकी, काहीही. दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. कर्नाटकात तो एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो, नाहीतर परत येतो. तीस दिवस थांबा. कागद आल्यावर प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजा, कंत्राटदाराला आणि पीडीओला दोघांनाही विचारा, आणि जे दिसलं ते तीनशे शब्दांत मराठीत लिहा. अशा दोन-तीन बातम्या हातात असल्या की कोणत्याही संपादकाशी बोलता येतं. बोलताना मानधन किती, कोणत्या तारखेला, आणि जाहिरात आणणं सक्तीचं आहे का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर तोंडी नको, व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या.