कायदा बदलला, वर्गातली भाषा कधी बदलणार?

महाविद्यालयांचे प्रवेश सुरू झाले की निलंगा, औराद शहाजानी, कासारशिरसीपासून लातूर-नांदेडपर्यंतचा प्रत्येक नवा विद्यार्थी आणि त्याचा पालक रॅगिंगविरोधी हमीपत्रावर सही करतो. आपण नियम वाचले असून ते आपणांस समजले आहेत, असे दोघेही लिहून देतात. वाचण्याची तसदी फारच थोडे घेतात, हे सांगावयास नको. ती घेतली असती, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 साली या नियमांत केलेली भर त्यांच्या दृष्टीस पडली असती. जात, धर्म, वर्ण यांवरून होणाऱ्या छळाप्रमाणेच, विद्यार्थी पारलिंगी आहे म्हणून किंवा त्याचा लैंगिक कल वेगळा आहे म्हणून त्याचा शारीरिक वा मानसिक छळ करणे, त्याला वाळीत टाकणे, हेही रॅगिंगच होय, असे आयोगाने त्या वर्षी स्पष्ट केले. ज्या 'बायल्या' या शब्दावर वर्गात हशा पिकतो, तो शब्द नियमांच्या कक्षेत येऊन आता बरीच वर्षे लोटली. हशा मात्र थांबलेला नाही.

न्यायालयांनी आणि संसदेने या विषयात आपली पावले टाकली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथीयांच्या घटनादत्त अधिकारांस मान्यता दिली. 6 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्याने पारलिंगी व्यक्तींबाबत शिक्षणसंस्थांनी भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु दिल्लीत झालेला निकाल तालुक्याच्या गावी आपोआप पोहोचत नाही. तो वर्गात, वसतिगृहात आणि कचेरीच्या खिडकीपाशी पोहोचविणे हे शिक्षकांचे आणि विद्यार्थ्यांचेच काम होय, आणि त्याचा आरंभ शब्दांपासून होतो.

हे शब्द अवघड आहेत, अशी तक्रार प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकू येते. वस्तुतः तीन प्रश्न वेगवेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो. शरीराची घडण कशी आहे, हा पहिला. आपण पुरुष, स्त्री, की याहून वेगळे, ही अंतरीची जाणीव कोणती, हा दुसरा; तिला लिंगभाव म्हणतात. ओढ कोणाविषयी वाटते, हा तिसरा. तो लैंगिक कल. घडणच स्त्री-पुरुषांच्या रूढ साच्यात न बसणारी व्यक्ती आंतरलिंगी. जन्मवेळी नोंदलेल्या लिंगाशी जिच्या जाणिवेचा मेळ बसत नाही, ती पारलिंगी. आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी ओढ वाटणारा तो समलिंगी. वनस्पतिशास्त्राच्या तासाला उभयलिंगी म्हणजे पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असलेले फूल. माणसाविषयी बोलताना मात्र स्त्री व पुरुष या दोहोंविषयी ओढ वाटणारी व्यक्ती, असा त्याचा अर्थ आहे. एलजीबीटीक्यू या आद्याक्षरांत लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर आणि क्वीअर हे शब्द सामावले आहेत. यांपैकी क्वीअर ही एके काळची शिवी असून, जिला ती दिली गेली त्या मंडळींनीच ती अभिमानाने स्वीकारली. समलिंगी मुलगा म्हणजे तृतीयपंथी नव्हे. आणि हिजडा हे गुरू-चेल्यांची परंपरा असलेल्या एका समाजाचे नाव आहे, दुसऱ्याच्या अंगावर फेकावयाचा दगड नव्हे.

इंग्रजीत हा प्रश्न सर्वनामापाशी उभा राहतो, मराठीत तो क्रियापदापाशी. 'मी येतो' की 'मी येते' हे ठरविल्यावाचून आपल्या भाषेत साधे वाक्यही पुरे होत नाही. ज्याच्या मनातले क्रियापद एक आणि हजेरीपटाला अपेक्षित असलेले दुसरे, असा विद्यार्थी वर्गात मुका बसतो, तेव्हा त्याला उत्तर येत नसते असे नाही. अशा विद्यार्थ्यासाठी शिक्षकाने काय करावे? तो स्वतःविषयी जसे बोलतो, तसे त्याच्याशी बोलावे. चुकल्यास सुधारून पुढे जावे. ज्या मराठवाड्याने विद्यापीठाच्या नावासाठी 1978 पासून 1994 पर्यंतचा कठोर काळ पाहिला, त्याला नावाची किंमत कोणी शिकवावयास नको.

हे सारे पाश्चात्त्यांचे फॅड आहे, असा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. शिखंडी आणि बृहन्नडा कोणत्या पश्चिमेकडून आली? यल्लम्माचे जोगते कोठून आले? बाहेरून आला तो 1860 च्या दंडसंहितेतला 377 वा कलमांक. आमच्या भागाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. निलंगा तालुका निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. त्या राज्याने 1329 फसली, म्हणजे इसवी सन 1919 साली, तृतीयपंथीयांविषयी एक कायदा केला. हैदराबाद शहरात, तसेच सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणी, संशयितांची नोंदवही ठेवावी, नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेशात रस्त्यावर दिसल्यास तिला वॉरंटावाचून पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी, अशी त्याची कलमे होती. राज्य गेले, निजाम गेला; तेलंगणात हा कायदा मात्र पुस्तकात शिल्लक होता. तेथील उच्च न्यायालयाने 2023 च्या जुलैमध्ये तो घटनाबाह्य ठरविला. शंभर वर्षे ज्यांनी पोलिसाला चुकवीत जगावे, त्यांची मुले कॉलेजात दिसत नाहीत याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

'आमच्याकडे असे कोणी नाही,' हा दुसरा आक्षेप. 2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुष या रकान्यांबाहेर देशात सुमारे 4 लाख 88 हजार आणि महाराष्ट्रात सुमारे 41 हजार व्यक्तींची नोंद झाली. समलिंगी व उभयलिंगी व्यक्तींची तर गणतीच झाली नाही. दिसत नाही ते नसते, असे मानणाऱ्याने भीती मोजलेली असते, माणसे नव्हेत. हे पाहून मुले बिघडतील, ही शंकाही निराधार आहे. डावखुऱ्या मुलाच्या हातावर छड्या मारून आपण त्याचा उजवा हात सुधारला नाही, आणि त्याच्या शेजारी बसून कोणी डावखुरा झाल्याचेही ऐकिवात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली समलैंगिकतेचे नाव रोगांच्या यादीतून काढले. तेव्हा उपचाराच्या नावाखाली मुलाला बाबा-बुवांच्या दारी वा डॉक्टरच्या खोलीत नेणे हा आजारावरचा उपाय नसून, नव्या आजाराची पेरणी आहे.

मग पाठीराख्याने करावे काय? प्रथम, ऐकावे आणि ऐकलेले पोटात ठेवावे. तालुक्याच्या गावी वर्गातली बातमी संध्याकाळच्या एसटीने घरी पोहोचते, आणि ती पोहोचल्यावर मुलीचे लग्न ठरते किंवा मुलाचे शिक्षण बंद होते. म्हणून कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट 'त्याच्याच भल्यासाठी' पालकांना कळविणे हा त्याचा घात होय. दुसरे, टवाळी चालली असता गप्प बसू नये. टवाळखोर एक असतो, हसणारे चाळीस असतात, आणि शिक्षक हसला तर ती टवाळीला मिळालेली परवानगी ठरते. तिसरे, विद्यार्थ्याच्या शरीराविषयी चौकशा करू नयेत. त्याच्या फीची, वसतिगृहाची, स्वच्छतागृहाची आणि अर्जातील रकान्याची सोय पाहावी. आणि प्राचार्यांनी रॅगिंगविरोधी समितीच्या पहिल्याच सभेत 2016 ची ती दुरुस्ती मराठीत मोठ्याने वाचून दाखवावी.

यात शिक्षकाला कमीपणा नाही. 2021 साली घर सोडून आलेल्या दोन तरुणींचे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे आले, तेव्हा निकाल देण्यापूर्वी त्यांनी मानसशास्त्रज्ञाकडे बसून हा विषय समजून घेतला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला विद्यार्थी होणे जमले, ते आमच्या प्राध्यापकांना जमू नये असे काय आहे? हजेरीपटावर नाव असलेल्या प्रत्येकाला आपल्या स्वतःच्या क्रियापदात 'हजर आहे' म्हणता यावे, एवढीच या पोरांची मागणी आहे. ती पुरी करावयास निधी लागत नाही, मंत्रालयाची मंजुरीही लागत नाही. नवे वर्ष सुरू होत आहे. निलंग्याच्या महाविद्यालयांनी ते या कामाने सुरू करावे.