विश्लेषण : दुबळ्या संघांची ‘स्प्रेड’ खेळी श्रीमंतांच्या पथ्यावर कशी पडली?

अमेरिकेतील विद्यापीठांना जुलै 2025पासून आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. यातला मोठा वाटा फुटबॉलकडे जातो. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे : कमी ताकदीच्या संघांना बड्यांशी झुंजायला शिकवणारी ‘स्प्रेड ऑफेन्स’ ही व्यूहरचना आता कोणाच्या कामाची?

हा फुटबॉल अर्थातच अंडाकृती चेंडू हाती घेऊन खेळायचा. 11 जणांच्या संघाला चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे असते.

‘स्प्रेड’ म्हणजे नेमके काय?

जुन्या पद्धतीत धिप्पाड खेळाडू खांद्याला खांदा लावून मध्यभागी रेटारेटी करत. ज्याच्याकडे वजन जास्त, त्याची सरशी. ‘स्प्रेड’मध्ये तीन, चार, कधी पाच झेल घेणारे खेळाडू मैदानाच्या 53 यार्डांहून जास्त रुंदीवर पांगवले जातात. त्यांच्यामागे बचावपटूंनाही जावे लागते आणि मधली भिंत विरळ होते. गनिमी कावा अडचणीच्या जागेत चालतो; इथे दुबळा संघ बलाढ्याला मोकळ्यावर ओढतो.

खरी गंमत गणिताची आहे. क्वार्टरबॅकने चेंडू धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती दिला की तो स्वतः बघ्या उरतो. म्हणजे 10 विरुद्ध 11. यावर रिच रॉड्रिग्ज या प्रशिक्षकाने 1990च्या दशकात ग्लेनव्हिल स्टेट या लहानशा महाविद्यालयात ‘झोन रीड’ची चाल घडवली. कडेच्या एका बचावपटूला मुद्दाम अडवायचेच नाही. क्वार्टरबॅक फक्त त्याच्यावर नजर ठेवतो. तो धावणाऱ्याच्या मागे लागला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून रिकाम्या जागेत पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू सहकाऱ्याला देतो. बचावपटूने काहीही केले तरी ते चूकच ठरते. शिवाय त्याला अडवण्यासाठी लागणारा माणूस दुसरीकडे वापरता येतो.

महाविद्यालयीन नियमही याला पोषक आहेत. चाल जिथून सुरू होते त्या दोन खुणांच्या रेषांमध्ये इथे 40 फुटांचे अंतर असते, व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा फूट. म्हणून चेंडू कडेच्या रेषेवर असला की दुसऱ्या बाजूला भलेमोठे मैदान मोकळे सापडते.

बड्या संघांनी काय केले?

1 सप्टेंबर 2007 रोजी खालच्या विभागातील अ‍ॅपलॅचियन स्टेटने ‘स्प्रेड’च्या जोरावर मिशिगनला त्यांच्याच मैदानात, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर 34-32 असे हरवले. त्याच डिसेंबरात मिशिगनने रॉड्रिग्जलाच नेमले! पण त्याच्या पद्धतीचे खेळाडू हाताशी नव्हते. 2008मध्ये 12पैकी 9 सामने गेले.

काहींनी नियमांचा आधार शोधला. ‘स्प्रेड’ संघ अनेकदा सल्लामसलतीसाठी न थांबता लगेच पुढची चाल खेळतात, बचावाला माणसे बदलायला वेळच मिळत नाही. 2014मध्ये चालीआधी किमान 10 सेकंद थांबण्याचा प्रस्ताव आला, टीकेनंतर मागे घेतला गेला. वेग तोडण्यासाठी दुखापतीचे सोंग घेण्याचे प्रकार वाढले, तेव्हा 2025च्या हंगामापासून नवा नियम आला : पुढच्या चालीसाठी चेंडू ठेवल्यावर वैद्यकीय पथक मैदानात आले, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो. तो उरला नसेल तर 5 यार्डांचा दंड.

शेवटी बड्यांनी ‘स्प्रेड’च स्वीकारले. वेगवान हल्ल्यांवर जाहीर नाराजी व्यक्त करणारे निक सेबन यांचा अलाबामाही त्याच वाटेने गेला. लुइझियाना स्टेटने 2019च्या हंगामात सर्व 15 सामने जिंकले, तेही पांगलेल्या रचनेतूनच.

मग तोटा कोणाचा?

‘स्प्रेड’ प्रत्येक बचावपटूला एकटे पाडते. समोरासमोरच्या अशा झुंजीत सरस खेळाडू जिंकतो, आणि सरस खेळाडू आता उघडपणे विकत घेता येतात. दोन्ही संघ ‘स्प्रेड’ खेळत असतील, तर ती रचना ताकदीतली तफावत झाकत नाही, उलट वाढवते. लहान संघाने घडवलेला क्वार्टरबॅक वर्षभरात मोठ्या संघात जातो, हेही आता नेहमीचेच.

लष्करी अकादमीच्या आर्मी संघाने 2023मध्ये आपली जुनी दाटीवाटीची धावण्याची पद्धत सोडून क्वार्टरबॅक मागे उभा करून पाहिला. सहा विजय, सहा पराभव. 2024मध्ये ते पुन्हा जुन्या पद्धतीवर आले आणि 14पैकी 12 सामने जिंकून आपल्या गटाचे विजेते ठरले.