सह्या एकशे चाळीस, घर एक

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतीलच. मतं मात्र माझी आहेत.

खारीला आपल्या लेडीज हॉस्टेलमध्ये कोण ओळखत नाही? बुटकी, पांढरट-तपकिरी, एक कान उभा नि एक पडलेला. बाप पामेरियन असावा, आई अस्सल गावठी. २०२४ च्या पावसाळ्यात जनरेटरच्या शेडमध्ये तीन पिल्लं सापडली. त्यातलं एक दोन दिवसांत गेलं. उरलेल्यांची नावं आम्ही नाश्त्यावरून ठेवली, खारी आणि टोस्ट. सगळ्याजणी सांगत सुटलो, "आम्ही त्यांना अ‍ॅडॉप्ट केलंय!"

केलं होतं का हो? २०२५ च्या दिवाळीत मेस बंद झाली आणि आम्ही बॅगा भरून फराळाला घरी पळालो. परत आलो तेव्हा खारीच्या बरगड्या मोजता येत होत्या, कानात गोचिडी भरलेल्या. ती जगली मेसच्या मावशींमुळे. भर दिवाळीत त्या गावातून चालत यायच्या आणि दोघांना चपाती घालून जायच्या. 'अ‍ॅडॉप्ट' हा शब्द त्यांना ठाऊकसुद्धा नाही.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची भटकी कुत्री हलवा, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवा, परत त्याच जागी सोडू नका. आपल्या नोटीस बोर्डावर कागद लागला आणि हॉस्टेल पेटलं. 'खारी वाचवा'! एका रात्रीत एकशे चाळीस सह्या. (मासबंकलासुद्धा एवढी एकी मी पाहिलेली नाही.)

त्या अर्जात पहिली सही माझी होती, म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे. अर्ज चुकीचा होता. आमच्याच विंगमधली एक ज्युनिअर कुत्र्याच्या भीतीने रात्री लायब्ररीतून एकटी येत नाही. तिला "अगं, काही नाही करत ती" म्हणणं सोपं आहे. पण खारीला तोवर रेबीजची एकही लस दिलेली नव्हती. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. हे माहीत असून लसीसाठी वर्गणी काढायचं एकीलाही सुचलं नाही. फोटो मात्र हजार.

मावशींनी अर्ज वाचून घेतला आणि विचारलं, "समदं खरं, पण तुम्ही पोरी चार वर्सांत जाणार. मग हिचं काय?"

मी मीटिंगमध्ये तोच प्रश्न विचारला. घरी कोण नेणार? एकशे चाळीस सह्यांच्या मालकिणी एकदम सबमिशनला लागल्या.

मग मीच घरी फोन केला. आई म्हणाली, "दत्तक काय गं? दत्तक मुलं घेतात, कुत्रं पाळतात." गंमत बघा, मराठीत शब्द पाळतात, वेळ पाळतात, पथ्य पाळतात आणि कुत्रंही पाळतात. क्रियापद एकच. आठवडाभर घरात वाद चालला. आजीचं म्हणणं, देवघरात शिरेल. शेवटी बाबा मित्राची ओम्नी घेऊन आले आणि खारी सातारला गेली.

सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. पहिले तीन दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी आजीची चप्पल खाल्ली. कुकरची शिट्टी झाली की अजून घाबरून शी करते. डॉक्टर, लस, जंताचं औषध, नसबंदी यात माझी दिवाळीची ओवाळणी संपून वर बाबांचं कर्ज झालं. नीट सांभाळलं तर असं छोटं कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं, म्हणजे आपल्या डिग्रीच्या तिप्पट! हा हिशेब आधी करा. जमणार नसेल तर सरळ नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. आणि पाळायचंच असेल तर पंधरा हजारांचं पिल्लू दुकानातून कशाला? इथे जनरेटरच्या शेडमध्ये फुकट आहे.

टोस्ट अजून तिथेच आहे. नगरपालिकेची गाडी अजून आलेली नाही. सह्यांचा तो कागद मी जपून ठेवलाय, नावं आणि रूम नंबरसकट. या सुट्टीत घरी विचारून या. मी एकेकीचं दार वाजवणार आहे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)