कंदील विझवा आता

स्थिरचित्रात काय काढावं याचा आपल्याकडे एक मेनू ठरलेला आहे. पितळी तांब्या, कंदील, कलंडलेली टोपली, तिच्यातून सांडलेले कांदे आणि मागे चुण्या पाडलेलं कापड. इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला असली मांडणी ठीक आहे हो, तिथे गोल, नळकांडं, सावली हे हाताला वळण लावायचं असतं. पण परीक्षा पास होऊन वीस वर्षं झालेला माणूस प्रदर्शनात पुन्हा तोच कंदील टांगतो, आणि ते चित्र ज्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जातं तिथे लाइट गेले की इन्व्हर्टर सुरू होतो!

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे, "चार्जर आणि कुकर काय काढायचे? दहा वर्षांत जुने होतील. चित्र कसं कालातीत हवं."

कालातीत? मंडळी, ज्या डच लोकांकडून हा प्रकार आपण उचलला त्यांच्या टेबलावर काय असायचं ते बघा. बाहेरून आलेलं लिंबू, जहाजातून आलेलं चिनी पोर्सेलीन, तंबाखूचे मातीचे पाइप. तंबाखू तेव्हा युरोपात तशी नवीनच. पीटर क्लासच्या १६३० च्या चित्रात कवटीशेजारी चक्क खिशातलं घड्याळ आहे. म्हणजे त्या काळचं गॅजेटच की! ते लोक स्वतःच्या घरातला, स्वतःच्या बाजारातला माल काढत होते. जुना आपल्याला वाटतो, त्यांना नव्हे.

आणि 'शोभत नाही' हे तर फारच जुनं रडगाणं. १६६७ मध्ये फेलिबियाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने चित्रप्रकारांची उतरंड लावून निर्जीव वस्तूंना तळाशी बसवलं. पुढे १७२८ मध्ये शार्दँ पोट फाडून लटकवलेला, आतडी दिसणारा मासा घेऊन त्याच फ्रेंच अकादमीत गेला आणि सभासद होऊन बाहेर आला. आपल्याकडे सुबोध गुप्तांनी २००६ मध्ये स्टीलच्या भांड्यांची भलीमोठी कवटीच उभी केली. स्टीलला कुणी हलकं म्हणत असेल तर त्याने एकदा स्टीलचा डबा काढून दाखवावा. त्याला स्वतःचा असा रंगच नसतो. शेजारची लाल बादली, खिडकी, ट्यूबलाइट आणि वाकडं होऊन आलेलं तुमचं नाक, सगळं त्या पोचे आलेल्या अंगावर असतं. पितळ त्यामानाने फार दयाळू.

आजीचा बंब अजून तुमच्या घरात पाणी तापवत असेल तर खुशाल काढा, माझं भांडण वस्तूशी नाहीच. न वापरलेल्या वस्तूबद्दलचा उमाळा विकण्याशी आहे. घरात ती वस्तू कुणी हाताळलेली नसली की चित्रात ते लगेच कळतं. झिजलेली जागा चुकते, मूठ भलत्याच बाजूला चकाकते.

काढायला काय कमी आहे? हँडल ढिलं झालेला कुकर. दाराच्या कडीला लटकणारी, आत पिशव्याच पिशव्या कोंबलेली पिशवी. मिक्सरचं भांडं, त्याच्या पात्याखाली अडकलेली हिरवी चटणी.

आणि आईवडिलांच्या फ्रिजवर असतो तो सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा. रविवारी भरलेला, बुधवारपर्यंतचे कप्पे रिकामे, गुरुवारचं झाकण अर्धवट उघडं. क्लासच्या घड्याळाच्या जागी हा ठेवा, शेजारी कवटी नसली तरी चालेल.