टोलमाफी मोटारीला, मग भाजीच्या गाडीला का नाही?



परवा आमच्या गटातल्या चौघांची भाजी घेऊन अंधेरीला गेलो होतो. पिकअप भाड्याची, डिझेलवरची. इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धीनं. टोल भाड्यातच धरलेला, आणि भाडं आमच्याच खिशातनं. स्टेशनाबाहेर आगरकर चौकात बेस्टची विजेवरची दुमजली बस दिसली. धूर नाही, घरघर नाही. चांगलंच आहे. पण शहरात भाजी आणणाऱ्या गाडीचं काय?

सरकारनं पैसा काढलाय, नाही असं नाही. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर २०२४ पासून आहे, १०,९०० कोटींची. त्यात बसना ४,३९१ कोटी, ट्रकला ५०० कोटी. एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख, सगळ्या देशात मिळून साधारण ५,६०० ट्रक. तेही जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला असेल तरच. आणि ट्रक म्हणजे मालासकट साडेतीन टनांच्या वरचा. आपली भाजी नेणारी पिकअप बहुतेक त्याच्या खालीच. म्हणजे ती हिशेबातच नाही.

राज्याच्या २०२५ च्या धोरणात मालवाहू गाडीच्या खरेदीला सवलत आहे, हे मान्य. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतू, पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर टोलमाफी जाहीर झाली ती विजेवरच्या मोटारी आणि बसना. मालवाहू गाड्या वगळल्या. पंचवीस लाखांची मोटार फुकट जाणार, आणि कर्ज काढून विजेवरचा टेंपो घेणारा टोल भरणार. हा कुठला न्याय?

कुणी म्हणेल, शेतकऱ्याला याचं काय पडलंय? पडलंय बाबा. डिझेल वाढलं की भाडं लगेच वाढतं. मालाचा भाव वाढत नाही. मधला फरक आपल्या पट्टीतनं जातो.

चार्जिंगचंही तसंच. केंद्रानं २,००० कोटी ठेवलेत, राज्य म्हणतं महामार्गावर दर २५ किलोमीटरला सोय करू. करा. पण भरलेली गाडी वाटेत तासभर उन्हात उभी राहिली तर मेथी-कोथिंबीर मान टाकते. माल उतरवताना, लिलाव होईपर्यंत आणि परत भाडं मिळेपर्यंत गाडी तासन्‌तास उभी असते ती बाजार समितीच्या आवारात. मग चार्जर तिथं पाहिजे. शेडच्या पत्र्यावर सोलर टाकायलाही जागा आहे.

मागण्या दोनच. विजेवरच्या मालवाहू गाडीला टोलमाफी, आणि बाजार समितीत चार्जर. केंद्राच्या योजनेची मुदत मार्च २०२८ पर्यंत आहे. आपापल्या समितीच्या संचालकांना विचारा, चार्जरची मागणी केली का? मी सोमवारी विचारणार आहे. काय उत्तर मिळतं ते इथंच लिहीन.