मिक्सटेपला चोरी म्हणू नका

'१९९९ साली नेटवरून गाण्यांच्या फायली फुकट देण्याघेण्याचं नॅपस्टर आलं आणि हिप-हॉपच्या अल्बमची रया गेली; फुकट हाती आलेल्या गाण्याला कोण मान देणार?' असं ठासून सांगणारे आजही भेटतात. त्यांच्या म्हणण्यातलं खरं ते आधी मान्य करतो. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची कमाई पुढच्या पंधरा वर्षांत निम्म्यावर आली. दुकानं बंद पडली, लहान कलावंतांना झळ बसली. पण धंदा बुडाला म्हणून कलाही बुडाली, हे मला मुळीच मंजूर नाही.

हिप-हॉप दुकानात जन्मलंच नाही. रॅपची पहिली गाजलेली तबकडी निघाली १९७९मध्ये. त्याआधीच ब्राँक्समधल्या जलशांच्या कॅसेटी हातोहात फिरत होत्या. जुन्या तबकड्यांतले तुकडे उचलून नवं रचायचं, हा तर या कलेचा पायाच. फाइल म्हणजे त्या कॅसेटचाच पुढचा अवतार.

२००४चा 'द ग्रे अल्बम' घ्या. डेंजर माऊस या निर्मात्याने रॅपर जे-झीच्या 'द ब्लॅक अल्बम'मधला नुसता आवाज घेतला आणि त्याखाली बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'चे सूर कापून, उलटेपालटे करून बसवले. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सांगणाऱ्या ईएमआयने वितरण थांबवायची नोटीस धाडली. तेव्हा २४ फेब्रुवारीला दीडशेहून जास्त संकेतस्थळांनी निषेध म्हणून तो अल्बम खुला ठेवला. दुकानात ज्याला जागाच नव्हती, तो असा घरोघरी पोचला. आणि २००५मध्ये याच ईएमआयच्या पार्लोफोनने काढलेल्या गोरिलाझ या बँडच्या 'डीमन डेज' अल्बमचा निर्माता कोण? तोच डेंजर माऊस! ज्याला अडवायला निघाले, त्याचा कान किती तयार आहे हे त्यांनाही त्या फुकट फिरलेल्या फायलींनीच ऐकवलं, असं मी मानतो.

चोरीची ओरड करणाऱ्यांचा दुटप्पीपणा मला अधिक खटकतो. जानेवारी २००७मध्ये अटलांटात मिक्सटेप, म्हणजे कंपनीच्या अधिकृत अल्बमबाहेर फिरणारे रॅपचे संग्रह, काढणाऱ्या डीजे ड्रामाच्या कार्यालयावर छापा पडला, ८१ हजार डिस्क जप्त झाल्या, त्याला अटक झाली. आणि मिक्सटेपमधून आपल्या रॅपरची हवा व्हावी म्हणून रेकॉर्ड कंपन्यांतलीच माणसं डीजेंना गाणी पुरवत होती!

ड्रामाच्याच जोडीने मिक्सटेप काढणाऱ्या रॅपर लिल वेनने त्या वर्षी 'दा ड्रॉट थ्री' फुकट वाटली. दुसऱ्यांच्या ठेक्यांवर, दोन डिस्क भरतील एवढं रॅप, आणि बऱ्याच ठिकाणी मूळ गाण्याला मागे टाकणारं. जून २००८मध्ये त्याचा 'था कार्टर थ्री' हा अल्बम आला. तोही आधीच फुटून नेटवर पसरला होता. तरी अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून अधिक प्रती लोकांनी पैसे मोजून घेतल्या.